‘सायक्लोन’ हा शब्द देणाऱ्या माणसाने सरकारला बजावलं होतं, इथे बंदर बांधू नका

पाऊस तोंडावर आला की कोकणपट्टीत एक बातमी ठरलेली असते. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय. पुढच्या दोन दिवसांत टीव्हीवर तो गोल फिरणारा पांढरा भोवरा दिसायला लागतो आणि खालच्या पट्टीत शब्द येतो, सायक्लोन.

हा शब्द इंग्रजीत तयार झाला, पण तो तयार करणारा माणूस लंडनमध्ये बसलेला नव्हता. तो आपल्या कलकत्त्यात राहायचा. दगडांचे नमुने तपासणं, बुडालेल्या जहाजांच्या चौकश्या करणं असली कामं करता करता त्याने आयुष्यातली जवळपास वीस वर्षं वादळांच्या मागे घालवली. त्याचं नाव हेन्री पिडिंग्टन.

पिडिंग्टनचं नाव निघालं की बहुतेक वेळा गोष्ट त्या शब्दापाशीच संपते. स्पर्धा परीक्षेत प्रश्न येतो, सायक्लोन हा शब्द कोणी दिला, आपण पर्याय निवडतो आणि पुढे जातो. पण या माणसाने १८५३ मध्ये थेट गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून सांगितलं होतं की सरकार जिथे नवं बंदर बांधायला निघालंय, ती जागा एक ना एक दिवस समुद्र गिळणार आहे. बंदर तरीही झालं. आणि चौदा वर्षांनी समुद्र आला.

वादळाचं शास्त्र माहीत असलेला माणूस सरकारच्या दारात उभा असताना सरकारने त्याचं काय केलं, त्याची ही गोष्ट.

कप्तान किनाऱ्यावर आला

पिडिंग्टनचा जन्म १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातला. तरुणपणीच तो व्यापारी जहाजांवर गेला आणि पुढे कप्तान झाला. त्या काळी इंग्लंडहून हिंदुस्थान आणि तिथून चीन हा पैशाचा मार्ग होता. पिडिंग्टनने या मार्गावरच्या समुद्रात वर्षं काढली. शिडाच्या जहाजावर वाऱ्याचा रोख चुकला तर काय होतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१८३० च्या आसपास त्याने समुद्र सोडला आणि तो बंगालमध्ये स्थायिक झाला. इथे त्याने जे केलं ते बघितलं तर हा एक माणूस होता की चार, असा प्रश्न पडतो. १८३२ मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या वनस्पतींच्या नावांची सूची छापली. मातीची रासायनिक तपासणी केली. कलकत्त्यातल्या आर्थिक भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयाचा तो क्युरेटर झाला. बंगालमध्ये पडलेल्या एका उल्केचा त्याने अभ्यास केला, म्हणून तिच्यातल्या खनिजाला ‘पिडिंग्टनाइट’ असं नाव मिळालं.

यासोबत त्याच्याकडे आणखी एक काम होतं. तो कलकत्त्याच्या मरीन कोर्टाचा अध्यक्ष होता. जहाज बुडालं, खडकावर आदळलं, मोडून परत आलं की चौकशी या कोर्टात व्हायची. दोष कप्तानाचा, जहाजाचा की समुद्राचा हे ठरवायचं. म्हणजे रोज कुणीतरी समोर उभं राहून वादळाची हकिगत सांगणार आणि ऐकणारा स्वतः जुना कप्तान. वादळाच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार?

वादळांचा पंचनामा

तेव्हा वादळाबद्दल लोकांना काय माहीत होतं? वादळ म्हणजे खूप जोराचा वारा, एका दिशेने येणारा आणि दुसऱ्या दिशेला जाणारा, अशीच बहुतेकांची समजूत होती. मोजकीच माणसं वेगळं सांगत होती. कंपनीच्या लष्करातला जेम्स कॅपर याने १८०१ मध्येच लिहिलं होतं की कोरोमंडल किनाऱ्यावरची वादळं म्हणजे मोठमोठे भोवरे असावेत. अमेरिकेत विल्यम रेडफिल्डला वादळानंतर एका भागातली झाडं एका दिशेला आणि दुसऱ्या भागातली बरोबर उलट्या दिशेला पडलेली दिसली. त्यावरून वारा गोल फिरतो हे त्याने १८३१ मध्ये मांडलं. ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर विल्यम रीड वादळाने उद्ध्वस्त झालेल्या बार्बाडोस बेटावर कामाला गेला होता. त्याने १८३८ मध्ये वादळांच्या नियमांवर अख्खं पुस्तक लिहिलं.

रीडचं पुस्तक पिडिंग्टनच्या हाती पडलं आणि त्याला दिशा सापडली. बंगालच्या उपसागरात तर दरवर्षी वादळं यायची आणि कलकत्त्याच्या बंदरात त्यातून वाचलेली जहाजं लागायची. प्रत्येक जहाजावर एक नोंदवही असते, तिला लॉग म्हणतात. कुठल्या वेळी जहाज कुठे होतं, वारा कुठल्या दिशेने वाहत होता, बॅरोमीटरचा पारा किती उतरला, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

पिडिंग्टनने या वह्या जमवायला सुरुवात केली. एकाच वादळात सापडलेल्या पाच-दहा जहाजांच्या नोंदी घ्यायच्या, नकाशावर मांडायच्या आणि बघायचं की एकाच तासाला कुठल्या जहाजावर कुठला वारा होता. एकाला उत्तरेचा, दुसऱ्याला पूर्वेचा, तिसऱ्याला दक्षिणेचा. सगळे बाण जोडले की नकाशावर वर्तुळ उमटायचं आणि मधोमध शांत जागा निघायची. आपल्या बंगालच्या उपसागरात हे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, विषुववृत्ताच्या दक्षिणेला काट्यांच्या दिशेने. उपग्रह सोडा, तारायंत्रही नीट आलेलं नव्हतं, तेव्हा एक माणूस टेबलावर बसून हे काढत होता. असे सुमारे चाळीस लेख त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले.

यातलं एक प्रकरण तर वाचताना डोकं गरगरावं असं आहे. १८४५ मध्ये ‘चार्ल्स हेडल’ नावाचं जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडलं. कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन जहाज सोडलं. जवळपास पाच दिवस ते वाऱ्यासोबत पळत होतं. या काळात त्याने सुमारे तेराशे मैल कापले, पण नकाशावर बघितलं तर ते सरकलं होतं जेमतेम साडेतीनशे मैल. वादळाने त्याला मध्यभागाभोवती पाच वेळा फिरवलं होतं. वारा गोल फिरतो याचा याहून मोठा पुरावा कुठला?

नाव ठेवलं सायक्लोन

१८४८ मध्ये पिडिंग्टनचं पुस्तक आलं. नाव होतं ‘द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स’. या पुस्तकात त्याने पहिल्यांदा सायक्लोन हा शब्द वापरला. ग्रीक भाषेतल्या वर्तुळाच्या शब्दावरून तो बनवलेला आहे आणि अर्थ घ्यायचा तो सापाच्या वेटोळ्याचा. यात एक हुशारी होती. वारा अगदी कंपासने काढल्यासारखा गोल फिरतो की आत वळत जातो, हे तेव्हा नक्की झालं नव्हतं. वेटोळं म्हटलं की दोन्ही शक्यता त्यात बसतात. पुढे कळलं की वारा खरोखर आत वळत जातो. म्हणजे शब्द बरोबरच निघाला.

पुस्तकासोबत शिंगाचे दोन पातळ, पारदर्शक पत्रे मिळायचे. एक उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिण. त्यावर वाऱ्याचं चक्र काढलेलं. वादळात सापडलेल्या कप्तानाने तो पत्रा समुद्राच्या नकाशावर ठेवायचा, आपल्याला लागणारा वारा जुळवायचा आणि वादळाचा मध्य कुठल्या बाजूला आहे ते ओळखून जहाज उलट दिशेला काढायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते त्या काळचं ॲप होतं.

१८५२ मध्ये त्याने साध्या खलाशांसाठी संवादाच्या रूपात वेगळं छोटं पुस्तकही काढलं. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला समजलं पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. जहाजवाल्यांनी त्याचं ऐकलं. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, शब्द जगभर गेला. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, कारण इथपर्यंत सरकारचा एक पैसाही अडकलेला नव्हता.

वाऱ्यापेक्षा पाणी जास्त मारतं

वह्या चाळता चाळता पिडिंग्टनच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. समुद्रात जहाजाचा शत्रू वारा असतो. किनाऱ्यावर माणसांचा शत्रू पाणी असतं.

आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, तिथे कोरिंगा नावाचं बंदर होतं. डिसेंबर १७८९ मध्ये तिथे वादळ आलं. समुद्राच्या तीन लाटा एकामागोमाग एक गावात शिरल्या. सुमारे वीस हजार माणसं गेल्याचं नोंदवलं गेलं. गाव पुन्हा उभं राहिलं. मग नोव्हेंबर १८३९ मध्ये दुसरं वादळ आलं आणि पुन्हा समुद्र आत आला. पन्नास वर्षांत तेच गाव दोनदा बुडालं. पिडिंग्टनने हे सगळं लिहून ठेवलं.

याला आज हवामान खातं स्टॉर्म सर्ज म्हणतं. आपण वादळी लाट म्हणू. ही साध्या उधाणासारखी नसते. चक्रीवादळाचा वारा समुद्राचं पाणी ढकलत किनाऱ्याकडे आणतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी खालून परत जातं. उथळ असेल तर जायला जागाच नसते, मग ते चढत जातं. बंगालच्या उपसागराचं वरचं टोक नेमकं तसंच आहे, उथळ आणि नरसाळ्यासारखं निमुळतं. त्यात भरतीची वेळ साधली तर पाणी भिंतीसारखं आत येतं. वारा छप्पर उडवतो, पण हे पाणी घर, गुरं, माणसं सगळं घेऊन जातं आणि मागे शेतात मीठ सोडतं.

कलकत्त्याला नवं बंदर हवं होतं

आता जरा सरकारच्या बाजूने बघू. कलकत्ता बंदर हुगळी नदीवर, समुद्रापासून शंभरहून जास्त किलोमीटर आत. नदीत गाळ साचायचा, वाळूचे पट्टे जागा बदलायचे. व्यापाऱ्यांना भीती वाटायला लागली की एक दिवस मोठी जहाजं शहरापर्यंत पोहोचणारच नाहीत. १८५३ मध्ये बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सने सरकारकडे ही काळजी मांडली.

पर्याय समोर होता. कलकत्त्याच्या दक्षिणेला, सुंदरबनाच्या काठावर मातला नावाची नदी आहे. पात्र रुंद, पाणी खोल, समुद्राकडे तोंड उघडं. कलकत्त्यापासून अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. तिथे बंदर करायचं, कलकत्त्याशी रेल्वेने जोडायचं, काम झालं.

गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी. आपण त्याला ओळखतो सातारा, नागपूर आणि झाशी खालसा करणारा म्हणून. पण तो मोठ्या प्रकल्पांचाही माणूस होता. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी रेल्वे १८५३ मध्ये त्याच्याच काळात धावली, तारायंत्र त्याच्याच काळात पसरलं. नवं बंदर, नवं शहर ही कल्पना अशा सरकारला आवडणारच. त्याच वर्षी सरकारने मातलाच्या काठी जमीन घेतली.

ते पत्र

पिडिंग्टनने हे ऐकलं आणि डलहौसीला पत्र लिहिलं. नुसतं पाठवून गप्प बसला नाही, १८५३ मध्ये ते छापलंही. सुंदरबनातल्या सायक्लोनच्या लाटेबद्दलचं ते पत्र होतं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. ही जागा सपाट आहे, समुद्राला लागून आहे आणि वादळांच्या वाटेत आहे. आज ना उद्या अशी वेळ येणार की वादळ सुरू असताना खाऱ्या पाण्याचा प्रचंड लोंढा वस्तीवर चाल करून येईल. तो इतक्या झपाट्याने चढेल की सगळी वस्ती पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल. तेव्हा जागेचा पुन्हा विचार करा.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पिडिंग्टन भविष्य सांगत नव्हता. वादळ कुठल्या वर्षी, कुठल्या तारखेला येईल हे त्याने सांगितलं नाही, ते कुणालाच सांगता आलं नसतं. त्याने सांगितलं ते इतकंच की ते येणार आहे, म्हणून तिथे काय बांधायचं आणि काय नाही ते आत्ता ठरवा. आज आपण ज्याला आपत्ती व्यवस्थापन म्हणतो त्याचा पहिला धडा हाच आहे.

पत्र वायफळ म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. लिहिणारा माणूस सरकारच्याच संग्रहालयाचा क्युरेटर आणि मरीन कोर्टाचा अध्यक्ष होता. या विषयात त्याच्याइतकी माहिती असलेला दुसरा माणूस तेव्हा हिंदुस्थानात नव्हता. ज्या सरकारच्या राज्यात त्याच्या पुस्तकाने जहाजं वाचत होती, त्याच सरकारने त्याच्या पत्रानंतरही काम थांबवलं नाही.

अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ या कादंबरीत हा प्रसंग रंगवून आलाय, त्यामुळे बऱ्याच जणांना तो तिथूनच माहीत आहे. कादंबरीचा रंग बाजूला ठेवला तरी सत्य तेवढंच कडू आहे.

पिडिंग्टन १८५८ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात वारला. देशात तेव्हा उठावाची धामधूम होती, कंपनीचं राज्यच शेवटच्या घटका मोजत होतं. आपण बरोबर होतो की चूक हे त्याला कधीच कळलं नाही.

बंदर उभं राहिलं

कंपनी सरकार गेलं, राणीचं सरकार आलं. पहिला व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग, त्याच्या नावावरून बंदराचं नाव पडलं पोर्ट कॅनिंग. १८६२ मध्ये तिथे नगरपालिका झाली. पाठोपाठ कलकत्त्याहून रेल्वे आली. जेटी झाली, गोदामं झाली, हॉटेल झालं.

मग खासगी कंपनी उतरली. हा काळ अमेरिकन यादवी युद्धाचा. मुंबईत कापसाच्या पैशाचा पाऊस पडत होता आणि लोक मिळेल त्या कंपनीचे शेअर घेत सुटले होते. बॅक बे भरणीच्या शेअरचा किस्सा आपण ऐकलेला असतो. त्याच लाटेत पोर्ट कॅनिंगच्या शेअरचाही बोलबाला झाला. बंदर बघितलंसुद्धा नाही अशा लोकांनी त्यात पैसे घातले. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी छापून ठेवलेलं एक पत्र त्यातल्या कितींनी वाचलं असेल?

१८६४: इशारा देऊन झाला

५ ऑक्टोबर १८६४ ला चक्रीवादळ आलं, पण ते हुगळीच्या तोंडातून कलकत्त्याकडे गेलं. नदीतून लाट वर चढली. कलकत्ता बंदरात तेव्हा १९५ जहाजं होती. त्यातली ३६ गेली, ९७ चं भयंकर नुकसान झालं, ३९ ला थोडी इजा झाली. धड राहिली फक्त २३.

ही जहाजांची मोजदाद अगदी चोख आहे. माणसांची तशी नाही. नदीच्या दोन्ही काठांवर आणि सागर बेटावर मिळून पन्नास ते साठ हजार माणसं मेली असा अंदाज सांगतात. वादळ आणि लाटेने गेली ती वेगळी, नंतर रोगराईने गेली ती वेगळी. कुठलं जहाज किती मोडलं हे लिहून ठेवणारी यंत्रणा होती, कारण जहाजाला मालक होता, विमा होता. काठावरच्या शेतकऱ्याची आणि कोळ्याची नोंद ठेवणारं कुणी नव्हतं.

महिन्याभरात, नोव्हेंबरमध्ये, मछलीपट्टणमला दुसरं वादळ धडकलं. तिथेही समुद्र आत आला आणि सुमारे तीस हजार माणसं गेली.

आता सरकार हललं. समिती बसली. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी वाऱ्याची आणि पाऱ्याची खबर तारेने कलकत्त्याला द्यायची आणि बंदरात जहाजांना इशारा द्यायचा, अशी पद्धत १८६५ मध्ये सुरू झाली. हिंदुस्थानातली ही पहिली वादळ इशारा यंत्रणा. चांगलीच गोष्ट होती, पण इशारा होता बंदरातल्या जहाजांना. सागर बेटावरच्या माणसाला तो कोण सांगणार, आणि सांगितला तरी पळून जायचं कुठे, याचं उत्तर त्यात नव्हतं. आणि पोर्ट कॅनिंगचं काम? ते चालूच राहिलं.

१८६७: समुद्र आला

१ नोव्हेंबर १८६७ ला वादळ मातलाच्या दिशेने आलं. सुमारे सहा फूट उंचीची लाट पोर्ट कॅनिंगवरून गेली. रेल्वे स्टेशन, मालाच्या शेड आणि हॉटेल पडलं. कंपनीचं गोदाम म्हणून वापरात असलेलं एक जुनं जहाज दोर तोडून सुटलं आणि रेल्वेच्या जेटीचा मोठा भाग सोबत घेऊन गेलं. तळ्यांमध्ये खारं पाणी शिरलं, म्हणजे वाचलेल्यांना प्यायलाही पाणी नाही.

पाच ते पंधरा फूट, असं पिडिंग्टनने लिहिलं होतं. लाट आली सहा फुटांची. म्हणजे त्याच्या अंदाजातली खालच्या टोकाची. तेवढ्यानेच हे झालं.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. सोशल मीडियावर ही गोष्ट फिरते तेव्हा असं सांगितलं जातं की एका रात्रीत वादळाने बंदर संपवलं. तसं नव्हतं. पोर्ट कॅनिंग आधीच डबघाईला आलं होतं. हुगळी लोकांना वाटली तितकी बिघडली नाही, जहाजं कलकत्त्यालाच जात राहिली. मुंबईचा शेअरचा फुगा १८६५ मध्ये फुटला होता. वादळाने शेवटचा घाव घातला. १८६८ मध्ये तोट्यातली रेल्वे सरकारच्या गळ्यात पडली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सरकारने बंदराचा नादच सोडला.

पण यामुळे सरकारची बाजू सावरत नाही, उलट आणखी पडते. न चालणाऱ्या बंदरासाठी धोक्याची जागा निवडली आणि दोन्ही हिशोब चुकले.

मग शिकलो का?

थोडंफार शिकलो. १८६४ च्या वादळानंतर आणि मग पडलेल्या दुष्काळांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. १८८० च्या सुमारास बंदर इशाऱ्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर आली आणि मुंबईसोबत रत्नागिरी, वेंगुर्ल्यालाही इशारे मिळायला लागले. आज बंदरावर लागणारा तो तीन नंबरचा बावटा याच परंपरेतला.

पण शिकण्याचा क्रम बघा. आधी माणसं मरतात, मग समिती बसते, मग यंत्रणा येते. आणि यंत्रणा आली तरी ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचायला आणखी शंभर वर्षं लागतात.

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये याच उपसागराच्या टोकाला, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला चक्रीवादळ आलं. वादळ येतंय हे माहीत होतं. तरीही तीन लाखांहून जास्त माणसं गेली असं मानलं जातं, पुन्हा त्याच वादळी लाटेने. मदत इतकी उशिरा आणि इतकी तोकडी पोहोचली की लोकांचा संताप अनावर झाला. महिन्याभरात निवडणूक होती. पूर्व पाकिस्तानातल्या लढवलेल्या १६२ पैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या. पुढच्या वर्षी बांगलादेश झाला. त्याला कारणं बरीच होती, पण वादळानंतर वाऱ्यावर सोडलेली माणसं हे त्यातलं एक होतं.

१९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार जीव घेतले. त्यानंतर ओडिशाने मात्र खरं काम केलं. राज्याचं वेगळं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण काढलं, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावातल्या पोरांना तयार केलं. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. समुद्र तोच, लाट तीच. फरक सरकारने वादळाआधी काय केलं यात होता.

आपल्याकडे बघायचं तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं आणि रायगड, रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी तौक्तेत मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि ७० हून जास्त कामगार गेले. वादळाचा इशारा कित्येक दिवस आधी आलेला होता. इशारा येणं आणि इशारा मानणं यातलं अंतर आजही तेवढंच आहे, जेवढं १८५३ मध्ये होतं.

आज कॅनिंगमध्ये

कॅनिंग आजही आहे. कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनवरून तिथे लोकल जाते. सुंदरबनात जाणारे पर्यटक तिथे उतरतात आणि पहाटे तिथूनच हजारो बायका शहरात धुणीभांडी करायला निघतात. मातला नदी गाळाने इतकी भरली की मोठं जहाज यायचा प्रश्नच उरला नाही. २००९ मध्ये आयला आणि २०२० मध्ये अम्फान याच भागातून गेलं. मातीचे बांध फुटले, शेतात खारं पाणी शिरलं आणि कित्येक घरांतली कर्ती माणसं कामासाठी दूरच्या राज्यांत गेली.

पिडिंग्टनने जे ज्ञान जहाजवाल्यांना दिलं ते त्यांनी लगेच घेतलं, कारण त्यात त्यांचा फायदा होता. तेच ज्ञान त्याने सरकारला दिलं तेव्हा सरकारला ते नको होतं, कारण ते मानलं तर जमीन सोडावी लागली असती, योजना बदलावी लागली असती, कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं.

पुढच्या वेळी वादळ येईल तेव्हा नेते पाहणी दौरे करतील, पंचनाम्याचे आदेश निघतील, मदतीचा आकडा जाहीर होईल. ते सगळं व्हायलाच हवं. पण त्याच्या आधीचा प्रश्न आपण विचारायला हवा. खाडीकाठच्या भरावाला, तोडलेल्या तिवरांना, निवारा नसलेल्या गावांना परवानगी कोणी दिली, आणि तेव्हा कुणाचं पत्र टेबलावर पडून होतं?